अंकलखोपचा चाबूकस्वार : देशाला पहिली सर्कस देणारे विष्णुपंत छत्रे

पलूस : सर्कस म्हटलं की तंबू, विदूषक आणि झोपाळ्यावरच्या मुली एवढंच आता डोळ्यांपुढं येतं. वाघ-सिंह तर कधीच गेले. घोड्याची आठवण कुणाला होत नाही. पण सर्कस मुळात जन्माला आली ती घोड्याच्या पाठीवर, आणि आपल्या देशातली पहिली सर्कस उभी केली तीही घोडे शिकवण्यात हयात घालवलेल्या एका माणसानं. त्यांचं नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. गाव अंकलखोप, आताचा पलूस तालुका. एका बाजूला औदुंबरचं दत्ताचं देऊळ, नदीपलीकडं भिलवडी. दर पौर्णिमेला औदुंबरला जाणारी हजारो माणसं या गावाजवळून जातात. त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत असेल, सांगणं अवघड आहे.

विष्णुपंतांचा जन्म 1840 च्या सुमाराचा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. तासगावकडची ही गावं पुढं इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात मोडायची. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा 1949 मध्ये झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळं छत्रे सांगलीचे की साताऱ्याचे, हा वाद घालायचं कारण नाही. दोन्हीकडच्या लोकांनी आपले म्हणावेत असे ते आहेत.

त्या काळात कृष्णाकाठच्या ब्राह्मणाच्या पोरानं काय करायचं हे ठरलेलं असायचं. भिक्षुकी, नाहीतर कारकुनी, नाहीतर एखाद्या संस्थानाच्या दप्तरात चिकटायचं. विष्णुपंतांना दोनच नाद होते. एक गाण्याचा, दुसरा घोड्याचा. दोन्ही घरच्यांच्या दृष्टीनं वाया जाण्याचे. आणि दोन्हींची विद्या त्या वेळी एकाच ठिकाणी उत्तम मिळत होती, ती म्हणजे शिंद्यांच्या ग्वाल्हेरात. विष्णुपंत तिकडं गेले. आज रेल्वेनं जायचं म्हटलं तरी एक रात्र गाडीत काढावी लागते. तेव्हा दक्षिणेतून ग्वाल्हेर गाठायचं म्हणजे महिन्याचा प्रवास होता.

ग्वाल्हेरला घोड्याचं शिक्षण त्यांनी बाबासाहेब आपटे यांच्याकडं घेतलं आणि गाणं हद्दूखाँ यांच्याकडं. हद्दूखाँ म्हणजे ग्वाल्हेर घराण्याच्या मूळपुरुषांपैकी एक, ख्यालगायकीतलं फार मोठं नाव. असा गुरू मिळाल्यावर माणूस दुसरं काही करत नाही. विष्णुपंत मात्र सकाळी पागेत आणि नंतर तंबोऱ्यापुढं असे दोन्हीकडं शिकले. शेवटी पोटाचा धंदा घोड्यानं दिला. गाणं गेलं नाही, ते पुढं वेगळ्याच वाटेनं त्यांच्या आयुष्यात परत आलं.

चाबूकस्वार या शब्दावरून आज गैरसमज होतो. चाबूक घेऊन घोड्याला बडवणारा, असं वाटतं. चाबूकस्वार म्हणजे घोडा फेरणारा, त्याला चाल शिकवणारा. मोतद्दार घोड्याला चंदी-वैरण करतो, खरारा करतो, नाल मारायला नेतो. चाबूकस्वाराचं काम त्यापुढचं. कोरं शिंगरू हाती घ्यायचं, लांब दोरीवर गोल फिरवायचं, आधी कदम, मग दुडकी, मग चौक, शेवटी भरधाव. लगामाची सवय लावायची, खोगीर ठेवू द्यायला शिकवायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे त्याची भीती घालवायची. घोडा हे मुळात भित्रं जनावर. कागद उडाला तरी बुजतं. हातातला चाबूक हा दाखवायचा असतो, पुढं हो, थांब, वळ हे सांगायला. अंगावर ओढला की घोडा शिकत नाही, फक्त माणसाला घाबरायला लागतो. ज्यांनी घरी शर्यतीचा खोंड तयार केलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. मारकुट्या माणसाचा बैल ऐनवेळी दगा देतो, हे खटाव-माणपासून जत-आटपाडीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

ग्वाल्हेरहून शिकून आलेल्या विष्णुपंतांना कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानात जागा मिळाली. कुरुंदवाड म्हणजे नृसिंहवाडीच्या शेजारचं, पंचगंगा आणि कृष्णेच्या संगमाजवळचं गाव. आज ते शिरोळ तालुक्यात आहे. तिथले अधिपती बाळासाहेब पटवर्धन यांच्या पागेचा कारभार आणि घोडे शिकवण्याचं काम विष्णुपंतांकडं आलं. संस्थान लहान, पण शौक मोठे. दसऱ्याला, सणासुदीला विष्णुपंत घोड्यावरची कामं करून दाखवायचे आणि आसपासची गावं बघायला लोटायची.

हे वरवर सुखाचं दिसतं, पण खरं बघता तो धंदा बुडायला लागलेला होता. मराठ्यांचं राज्य उभं राहिलं ते घोड्यावर. भीमथडीचं तट्टू अंगानं लहान, पण दिवसदिवस चालणारं आणि कमी चाऱ्यावर तगणारं. त्यावर बसून आपल्या भागातली माणसं अटकेपर्यंत गेली. शिलेदार, बारगीर हे घोड्यावर पोट असलेले लोक गावोगाव होते. इंग्रज आल्यावर संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या. 1857 नंतर तर त्या आणखी आवळल्या. 1878 मध्ये हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा झाला. लढाई नाही, हत्यार नाही, मग घोडा पोसायचा कशाला? त्यातच 1876 ते 1878 चा मोठा दुष्काळ. सातारा, सोलापूर, विजापूरकडं माणसं किड्यामुंगीसारखी मेली, जनावरांची तर मोजदाद नाही. घोड्याला घालायचा हरभरा माणसाला मिळत नव्हता. अशा वेळी घोडा उत्तम शिकवता येणं ही विद्या म्हणजे संस्थानिकाच्या दारातली शोभा एवढीच राहिली होती. विष्णुपंतांचं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं. हातातली विद्या अव्वल, पण तिला बाजार नाही, अशी त्यांची गत होती.

1879 मध्ये मुंबईला ज्युसेप्पे कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची रॉयल इटालियन सर्कस आली. कियारिनी साधा खेळवाला नव्हता. तो स्वतः नावाजलेला घोडेस्वार आणि घोडे शिकवणारा होता, आणि आपली मंडळी घेऊन जगभर फिरत असे. बाळासाहेब पटवर्धन हा खेळ बघायला मुंबईला गेले आणि बरोबर विष्णुपंत होते.

तिथं काय झालं याची गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी सांगितली जाते. खेळ संपल्यावर कियारिनी म्हणाला की हिंदुस्थानची स्वतःची सर्कस नाही आणि ती व्हायला अजून फार काळ लागेल. दुसऱ्या तऱ्हेत त्यानं पैजच लावली, की जो कुणी सहा महिन्यांत असे खेळ करून दाखवील त्याला हजार रुपये आणि एक घोडा देईन. त्यावर विष्णुपंत उठले आणि सहा कशाला, तीन महिन्यांत करून दाखवतो म्हणाले. उलट त्यांनीच दहा हजार रुपये आणि दहा घोडे लावून आपल्यासारखी कामं करायचं आव्हान कियारिनीला दिलं, असंही सांगतात. आकड्यांचं सोडून द्या. सांगणारा दरवेळी एक शून्य वाढवतो, हे आपल्याकडं नवीन नाही. पागेच्या नोकरीवरच्या माणसाकडं दहा हजार रुपये असणं शक्य नव्हतं, म्हणजे असलाच तर तो शब्द बाळासाहेबांच्या जिवावरचा. तीन महिन्यांची मुदत मात्र अर्थ लावण्यासारखी आहे.

कारण कोरा घोडा तीन महिन्यांत सर्कशीला तयार होत नाही. पाठीवर माणूस उभा राहिला, उडी मारून उतरला, पुन्हा पळत येऊन चढला, भोवती हजार माणसं टाळ्या पिटतात, बँड वाजतोय, दिवे लावलेत, आणि तरीही घोड्यानं पावलाचा ठेका चुकवायचा नाही. त्याला वर्षं लागतात. म्हणजे विष्णुपंतांचे घोडे कुरुंदवाडच्या पागेत आधीच तयार होते. त्यांना उरली होती ती बाकीची जुळवाजुळव. हे ओळखूनच ते तीन महिने बोलले असणार. बोलण्यात ईर्ष्या होती, पण हिशेबही होता.

इथं सर्कशीच्या रिंगणाबद्दल थोडं सांगायला हवं. रिंगण गोल का असतं आणि जगभर सारख्याच मापाचं का असतं? 1768 मध्ये लंडनमध्ये फिलिप अॅस्टली नावाचा लष्करातून आलेला घोडेस्वार होता. त्यानं घोड्यावर उभं राहून कामं करायला सुरुवात केली. सरळ पळणाऱ्या घोड्यावर उभं राहणं अवघड, पण गोलात पळणारा घोडा आतल्या बाजूला कलतो आणि वरचा माणूसही आत कलून तोल सांभाळू शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं. विहिरीवर मोटारसायकल फिरवणारा यात्रेत बघितला असेल, तत्त्व तेच. माप ठरत गेलं 42 फूट व्यासाचं. यापेक्षा लहान असलं तर घोड्याच्या पायावर ताण येतो, मोठं असलं तर माणसाला तोल मिळत नाही. आपल्याकडं घोडा फेरायची जुनी पद्धतही गोलातलीच, दोरीवरची. त्यामुळं कियारिनीचं रिंगण बघितल्यावर विष्णुपंतांना ते परकं वाटायचं कारण नव्हतं.

घोडे तयार होते. बाकीच्या कामांसाठी माणसं हवी होती, आणि ती या भागात कमी नव्हती. मल्लखांब हा पेशवाईच्या अखेरीला बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणलेला खेळ. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखिंडी या सगळ्या पटवर्धनी गावांत तालमी होत्या. उंच खांबावर उलटं लटकणाऱ्या पोराला झोपाळ्यावर नेणं तुलनेनं सोपं. बाहेरून आणायची होती ती खेळ मांडायची रीत, म्हणजे तंबू, तिकीट, बँड आणि एकामागून एक कामं न थांबता चालू ठेवण्याची शिस्त.

सगळा लवाजमा मुंबईला न्यायचा हेही सोपं काम नव्हतं. मिरजेला तेव्हा रेल्वे आलेली नव्हती. कुरुंदवाडकडून मुंबईला निघालेल्या माणसाला कऱ्हाड, सातारा करत खंबाटकी आणि कात्रजचा घाट चढून आधी पुणं गाठावं लागे. रेल्वे पुण्यापासून पुढं. शिकवलेला घोडा अशा प्रवासात लंगडला तर सगळंच संपलं.

20 मार्च 1880 रोजी मुंबईत निवडक बड्या मंडळींपुढं ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. मुख्य कामं घोड्यावरची आणि ती खुद्द विष्णुपंतांची. हा दिवस भारतीय सर्कशीचा जन्मदिवस धरतात.

विष्णुपंतांच्या पत्नीही या सर्कशीत झोपाळ्यावरची कामं करत आणि जनावरं हाताळत, असं सर्कशीच्या इतिहासात नोंदलेलं आहे. ही गोष्ट सहज वाचून पुढं जाण्यासारखी नाही. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 1843 मध्ये पहिलं मराठी नाटक केलं, तेव्हापासून नाटकात बायकांची कामं पुरुषच करत होते. त्याच 1880 सालच्या ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं, त्यातली शकुंतलाही पुरुषच होता. बाईनं रंगमंचावर उभं राहायला समाज तयार नव्हता. अशा वर्षी एका ब्राह्मण घरातली बाई भर तंबूत, परक्या पुरुषांपुढं, दोरावर चढली. गावातल्या लोकांनी काय काय बोल लावले असतील याची कल्पना आजही करता येते. पहिल्या सर्कशीचं श्रेय वाटताना हे नाव मागं पडलं, हा अन्यायच म्हणायचा.

पुढची वर्षं फिरतीची. सर्कस उत्तरेत गेली, संस्थानिकांच्या दरबारी खेळ झाले, मग सिलोन आणि आग्नेय आशियातल्या बंदरांपर्यंत मंडळी पोहोचली. अमेरिकेचीही वारी झाली, पण तिथल्या अवाढव्य सर्कशींपुढं टिकाव लागला नाही आणि विष्णुपंत परत आले. तिथं तेव्हा तीन-तीन रिंगणांच्या सर्कशी होत्या, खास आगगाड्या होत्या. कुरुंदवाडच्या पागेतून निघालेला माणूस तिथवर गेला, एवढंही कमी नाही.

बाहेरून दिसणारा थाट वेगळा आणि सर्कसवाल्याचा हिशेब वेगळा. तिकीट खपो न खपो, घोड्याला चंदी रोज लागते. पाऊस लागला की खेळ बंद, पण तोंडं तेवढीच. दुधाचा दर पडला म्हणून गोठ्यातल्या गाईला उपाशी ठेवता येत नाही, तसलाच हा प्रकार. शिवाय एक चांगला घोडा गेला की त्याची जागा भरायला नवा घोडा विकत मिळतो, शिकवलेला मिळत नाही. सर्कशीचं भांडवल तंबूत नसतं, जनावराच्या डोक्यात घातलेल्या शिक्षणात असतं.

या फिरतीत 1887 मध्ये सर्कस केरळातल्या तलशेरीला गेली. तिथं कीलेरी कुञ्ञिकण्णन नावाचे कसरत आणि युद्धकला शिकवणारे गुरू होते. त्यांची पोरं बघून विष्णुपंत खूश झाले आणि सर्कशीसाठी माणसं तयार करून द्या, असं त्यांनी सुचवलं. कुञ्ञिकण्णननी 1888 पासून ते काम हाती घेतलं आणि 1901 मध्ये तलशेरीजवळ चिरक्करा इथं सर्कशीची शाळाच काढली. पुढं देशभरातल्या सर्कशींत निम्म्याहून जास्त माणसं मल्याळी दिसायला लागली त्याचं मूळ या भेटीत आहे. केरळात ही आठवण अजून जपतात. आपल्याकडं मात्र सर्कस म्हणजे केरळची, असंच नव्या पोरांना वाटतं.

इकडं आपल्या भागातही लोण पसरलं होतंच. कार्लेकरांची सर्कस निघाली, म्हैसाळच्या देवलांची निघाली, आणि तासगाव तर पुढं सर्कसवाल्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. द्राक्षाच्या आधी तासगावचं नाव देशभर फिरलं ते सर्कशीच्या तंबूवर. एकेकाळी या पट्ट्यातलं पोर घरातून पळून गेलं तर आधी सर्कशीत शोधायचं, अशी रीत होती म्हणतात. पुण्याचे दामू धोत्रे तर वाघ-सिंहांचे शिक्षक म्हणून 1940 मध्ये अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीत जाऊन गाजले. विष्णुपंतांना जिथून परतावं लागलं होतं, तिथंच.

विष्णुपंतांनी सर्कशीचा कारभार नंतर धाकटे बंधू काशिनाथपंत यांच्यावर सोपवला. स्वतः ते हळूहळू बाजूला झाले. रिंगणातला घोडेस्वार पन्नाशीला आला की त्याला थांबावंच लागतं. हाडं ऐकत नाहीत. पण त्यांच्या थांबण्याला आणखी एक कारण मिळालं होतं.

हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ. गळा अलौकिक, पण संसाराचं भान नाही. अफूच्या नादी लागलेले. वडील गेल्यावर ते असेच भटकत गेले आणि काशीला वाईट अवस्थेत होते. सर्कस घेऊन फिरणाऱ्या विष्णुपंतांच्या नजरेला ते पडले. समोर फाटक्या कपड्यातला नशेबाज होता, पण विष्णुपंतांच्या लेखी तो गुरूचा मुलगा. त्यांनी रहिमतखाँना आपल्याबरोबर घेतलं. खाणं-पिणं, कपडालत्ता, औषधपाणी, आणि नेमानं ठरवलेली अफूची मात्रासुद्धा. एकदम तोडली असती तर माणूस हाती लागला नसता. मग त्यांना गावोगाव नेऊन मैफली केल्या. नेपाळच्या दरबारापर्यंत हे गाणं पोहोचलं. लोक त्यांना भूगंधर्व म्हणू लागले.

बुजरं जनावर हाताळायची विद्या इथं कामी आली असणार. रहिमतखाँ कधी गातील, कधी मधेच गप्प बसतील, कधी उठून जातील याचा भरवसा नसे. विष्णुपंत शेजारी बसून त्यांना सांभाळायचे. घाई नाही, रागावणं नाही. सर्कशीच्या पैशावर एका गायकाला वर्षानुवर्षं पोसणं हा व्यवहार कुठल्याच वहीत बसत नाही. पण त्यामुळं एक गायकी वाचली. मिरजेला येऊन राहिलेल्या अब्दुल करीमखाँ साहेबांवर रहिमतखाँच्या गाण्याचा मोठा परिणाम झाला आणि तिथून किराणा घराण्याचं गाणं महाराष्ट्रभर गेलं. योगायोग असा की संगीताची शाळा काढून घराघरांत गाणं नेणारे विष्णु दिगंबर पलुसकर यांचा जन्मही कुरुंदवाडचाच, 1872 चा. आडनावात पलूस आहे ते वेगळंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत विष्णुपंत गेले. काशिनाथपंतांनी सर्कसही चालवली आणि रहिमतखाँनाही अंतर दिलं नाही. पुढं ग्रेट इंडियन सर्कस कार्लेकरांच्या सर्कशीत मिसळली आणि तिचं वेगळं नाव संपलं. तंबूतले वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांवर 1998 मध्ये केंद्र सरकारनं बंदी घातली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. जनावरांचे हाल होत होते हे खरंच होतं, त्यामुळं त्याबद्दल रडण्यात अर्थ नाही. पण सर्कशी त्यानंतर भराभर बसल्या.

विष्णुपंतांची घोड्यावरची कामं आता बघायला मिळणार नाहीत. मुंबईत पहिल्यांदा हलती चित्रं दाखवली गेली तीच मुळी 1896 मध्ये, तोवर त्यांची रिंगणातली वर्षं सरली होती. रहिमतखाँ 1922 मध्ये कुरुंदवाडला वारले. त्याआधी दोन-तीन वर्षं त्यांच्या गाण्याच्या तबकड्या निघाल्या होत्या. म्हातारपणचा आवाज, मागं खरखर, प्रत्येक तबकडी तीन-चार मिनिटांची. त्या आज मोबाईलवर यूट्यूबला रहिमतखाँ असं टाकलं की ऐकायला मिळतात.